सॉफ्टबॉल संघाचा प्रवास आणि त्याचा विमा

खेळाचा हिशेब आपण सहसा धावांत, गुणांत किंवा ढालींत करतो. पण खेळाला दुसराही एक हिशेब असतो. तो वहीत मांडलेला असतो आणि आईबापांनी चुकता करायचा असतो. आज मी या दुसऱ्या हिशेबाविषयी बोलणार आहे, आणि उदाहरण घेतले आहे अमेरिकेतल्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघांचे. मुलांच्या खेळासाठी लांबलांबचा प्रवास, त्याचा खर्च आणि त्यापाठोपाठ येणारे विम्याचे कागद या तिन्ही गोष्टी तिथे अगदी स्पष्ट दिसतात. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर हा हिशेब घरचाच आहे. पण आपल्यालाही त्यातून काही घेण्यासारखे आहे.

प्रथम या खेळाविषयी दोन शब्द. १८८७ सालच्या नोव्हेंबरात शिकागोच्या एका बोट क्लबात हा खेळ सुरू झाला, तो हिवाळ्यात छपराखाली खेळायचा बेसबॉल म्हणून. मुष्टियुद्धाचा हातमोजा गुंडाळून केलेला चेंडू आणि झाडूचा दांडा, एवढीच त्या दिवशीची सामग्री. तेव्हा चेंडू खरोखरच मऊ होता. पुढे १९२६ साली ‘सॉफ्टबॉल’ हे नाव सुचवले गेले आणि ते चिकटले. चेंडूचा मऊपणा मात्र राहिला नाही. आजचा चेंडू १२ इंच परिघाचा आणि सुमारे १८० ते २०० ग्रॅम वजनाचा असतो. आपला क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे सॉफ्टबॉलचा चेंडू त्याहून जड! शिवाय क्रिकेटमध्ये दोन यष्ट्यांमधले अंतर ६६ फूट. इथे मोठ्या मुलींच्या सामन्यात पिचर ४३ फुटांवरून चेंडू फेकते आणि बॅटवरून तो तितक्याच जवळून तिच्या तोंडावर परत येऊ शकतो. नावावर जाऊन कोणी या खेळाला सौम्य समजू नये, एवढ्यासाठी हे सांगितले. विम्याचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

अमेरिकेत मुलींचे सॉफ्टबॉल दोन तऱ्हांनी चालते. एक गावातली लीग. संध्याकाळी जवळच्या मैदानावर खेळायचे आणि जेवायला घरी यायचे. दुसरी तऱ्हा ‘ट्रॅव्हल टीम’ची, म्हणजे फिरत्या संघाची. दहा, बारा, चौदा, सोळा, अठरा अशा वयोगटांत निवडलेल्या मुली वर्षाचे कित्येक शनिवार-रविवार दुसऱ्या गावी, पुष्कळदा दुसऱ्या राज्यात जाऊन स्पर्धा खेळतात.

इतक्या लांब कशासाठी जायचे? हौस तर आहेच, पण हौसेच्या मागे कॉलेज आहे. १९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलगा-मुलगी असा भेद करता कामा नये, असे त्याने सांगितले. तो खेळालाही लागू पडला, कॉलेजांत मुलींचे संघ वाढले आणि त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्या आल्या. पण किती? वरच्या श्रेणीच्या कॉलेजांत एका सॉफ्टबॉल संघामागे २०२५ पर्यंत पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती १२, आणि त्या तुकडे करून अधिक मुलींत वाटल्या जात. २०२५ मध्ये ही पद्धत बदलून संघाच्या आकारावर २५ ची मर्यादा आली. मुली हजारो आणि जागा मोजक्या. तेव्हा कॉलेजचे प्रशिक्षक जिथे पाहायला येतात तिथे आपली मुलगी दिसली पाहिजे, असे प्रत्येक बापाला वाटते. २०१८ पासून असा नियम आहे की मुलगी अकरावीत जाईपर्यंत, त्या वर्षीच्या १ सप्टेंबरच्या आत, कॉलेजच्या प्रशिक्षकाने प्रवेशाची बोलणी करायची नाहीत. बोलणी थांबली, पण पाहणे थांबले नाही आणि धावपळही थांबली नाही.

या धावपळीची पंढरी म्हणजे ओक्लाहोमा सिटी. १९३३ साली स्थापन झालेल्या आणि २०१७ पासून ‘यू.एस.ए. सॉफ्टबॉल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेचे मुख्य ठाणे तिथे आहे. कॉलेजच्या मुलींची अंतिम स्पर्धा १९९० पासून, एक साल सोडले तर, तिथेच होते. २०२८ चे ऑलिंपिक लॉस एंजेलिसला ठरले, तरी त्यातले सॉफ्टबॉल ओक्लाहोमा सिटीलाच ठेवण्याचे ठरवण्यात आले. सगळ्यांची पावले तिकडे वळतात, ती उगीच नव्हे.

आता आपण एक नमुन्याचा हिशेब मांडू. टेक्सासमधल्या डॅलसहून ओक्लाहोमा सिटी सुमारे २०० मैल, म्हणजे ३२० किलोमीटर. मुंबईहून छत्रपती संभाजीनगर जवळपास तेवढेच. जाऊन येऊन ४०० मैल. बारा मुलींचा संघ सहा मोटारींतून गेला, तर सगळ्या मोटारी मिळून २४०० मैल धावल्या. अमेरिकेच्या आयकर खात्याने २०२५ सालासाठी धंद्याच्या कामाला वापरलेल्या मोटारीचा खर्च मैलामागे ७० सेंट धरला होता. पेट्रोल, झीज, दुरुस्ती, विमा सगळे त्यात आले. त्या दराने १६८० डॉलर झाले, म्हणजे मुलीमागे १४०. हॉटेलची खोली रात्रीला १५० डॉलर धरा; दोन रात्रींचे ३००. स्पर्धेची प्रवेश फी संघामागे ६०० धरली, तर मुलीमागे ५०. आईबापांसकट जेवणखाणाचे १००. एका शनिवार-रविवारचे झाले ५९० डॉलर. आता यात प्रत्यक्ष खेळण्याचा खर्च किती? प्रवेश फीचे ५०. उरलेले ५४० डॉलर चाकांवर, गादीवर आणि ताटात गेले. खोली आणि जेवण यांचे आकडे मी धरलेले आहेत. ते थोडे खालीवर करा, प्रमाण फारसे बदलणार नाही.

हे प्रमाण एकट्या सॉफ्टबॉलचे नाही. अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूट या संस्थेने २०१९ साली अमेरिकन पालकांना विचारले, तेव्हा एका मुलाच्या एका खेळाचा वर्षाचा सरासरी खर्च ६९३ डॉलर निघाला आणि त्यात सर्वांत मोठी बाब प्रवासाची होती, १९६ डॉलरची. २०२४ मध्ये मुलाच्या मुख्य खेळावरचा सरासरी खर्च १०१६ डॉलरवर गेला होता. या सरासरीत जवळच्या मैदानावर खेळणारी मुलेही आली. फिरत्या संघाचे घर सरासरीच्या किती वर असेल, ते आपल्या नमुन्यावरून दिसतेच.

खर्चाला आणखी दोन फाटे फुटतात. पहिला फाटा राहण्याचा. पुष्कळ स्पर्धांचे संयोजक अट घालतात की आम्ही सांगू त्याच हॉटेलांतून खोल्या घ्या, नाही तर खेळायला मिळणार नाही. आत्याचे घर त्याच गावात असले तरी उपयोग नाही! दुसरा फाटा पावसाचा. एकही सामना झाला नाही तर फीचा बराच भाग परत मिळतो. एकदोन सामने झाले की परतावा कमी होतो किंवा बंदच होतो. हॉटेलवाल्याचा नियम आणखी वेगळा. प्रवास विमा घेतला असला तरी ‘पाऊस पडला म्हणून सामना झाला नाही’ एवढे कारण साध्या पॉलिसीत सहसा चालत नाही. म्हणून जाणते संघ-व्यवस्थापक पैसे भरण्यापूर्वी परताव्याचा नियम वाचतात आणि खोली रद्द करण्याची शेवटची तारीख मुलींच्या पालकांना आधी कळवतात.

स्वयंसेवक प्रशिक्षकाला करात काही सूट मिळते. संघ नोंदणीकृत धर्मादाय संस्था असेल आणि तो संघाच्या कामासाठी मोटार चालवत असेल, तर मैलामागे १४ सेंट. धंद्याला ७० आणि परोपकाराला १४! हा १४ चा आकडा कायद्यातच लिहिलेला आहे आणि १९९८ पासून तो हललेला नाही. केवळ आपल्या मुलीला पोचवणाऱ्या बापाला तर तेवढेही नाही.

आता विम्याकडे वळू. ‘आमच्या संघाचा विमा आहे’ असे व्यवस्थापक सांगतो आणि पालक निश्चिंत होतात. पण विमा हा एक शब्द असला तरी वस्तू एक नाही. इथे निदान तीन निरनिराळे विमे आहेत आणि प्रत्येक वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

पहिला, जबाबदारीचा विमा. संघाच्या हलगर्जीपणामुळे दुसऱ्याला इजा झाली असा दावा कोणी लावला, तर वकिलाचा खर्च आणि भरपाई यातून निघते. दर घटनेमागे दहा लाख डॉलर ही मर्यादा तिथे सर्वसाधारण समजली जाते. मैदानाची मालक असलेली नगरपालिका, शाळा किंवा स्पर्धेचे संयोजक या विम्याचा दाखला मागतात. आणि नुसता दाखला नव्हे, तर पॉलिसीत आपलेही नाव घाला म्हणतात, म्हणजे उद्या त्यांच्यावर दावा आला तरी संघाच्याच विमा कंपनीने तो लढवावा. कित्येक ठिकाणी हा कागद दिल्याशिवाय मैदानाचे फाटक उघडत नाही.

काही राज्यांत या मागणीला कायद्याचाही पाया आहे. वॉशिंग्टन राज्याने २००९ साली डोक्याच्या दुखापतींविषयी कायदा केला. डोक्याला मार लागल्याचा संशय आला तर मुलाला लगेच खेळातून बाहेर काढायचे आणि वैद्यकीय तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही. २०१४ पर्यंत अशा तऱ्हेचे कायदे पन्नासही राज्यांत झाले. वॉशिंग्टनचा कायदा आणखी एक गोष्ट सांगतो. खाजगी युवक-संस्थेला शाळेचे मैदान वापरू दिले, तर शाळेला जबाबदारीतून सूट मिळते. मात्र त्या संस्थेने हे नियम पाळल्याचे लिहून दिले पाहिजे आणि विम्याचा पुरावा दिला पाहिजे. त्या विम्याची किमान मर्यादा एका व्यक्तीच्या इजेला ५० हजार डॉलर आणि एकाच घटनेत दोघांना किंवा अधिकांना इजा झाली तर एक लाख डॉलर. पाहा, डोक्याची काळजी आणि विम्याचा कागद कायद्याने एकाच धाग्यात ओवले आहेत.

दुसरा, खेळाडूंचा अपघात विमा. इथे चूक कोणाची, हा प्रश्न नाही. मुलगी बेसवर घसरली, मनगट मोडले, तर उपचाराचा खर्च. पण यात एक खोच आहे. हा विमा बहुधा दुय्यम असतो. आधी घरच्या आरोग्य विम्याने द्यायचे, उरलेले याने. आणि यालाही आपली एक वजावट असते, म्हणजे तेवढी रक्कम पालकांनी पदरची भरायची. अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्य विम्यात अशी वजावट जिथे असते, तिथे ती २०२४ मध्ये एका माणसामागे सरासरी वर्षाला १७८७ डॉलर होती. म्हणजे घरचा विमा असूनही मनगटाचे पहिले बिल बऱ्याच अंशी बापाच्या खिशातून जाते. दुय्यम विम्याचा खरा उपयोग हे भगदाड बुजवण्यापुरता. म्हणून त्याची कमाल मर्यादा किती, एवढेच न विचारता त्याची वजावट किती, हेही विचारले पाहिजे.

याच ठिकाणी जबाबदारी सोडल्याच्या कागदाचाही उल्लेख केला पाहिजे. ‘माझ्या मुलीला काही झाले तर मी दावा लावणार नाही’ अशी सही प्रत्येक पालकाकडून घेतात. तिची किंमत काय? वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली स्कीइंग शिकवणाऱ्या शाळेच्या खटल्यात सांगितले की मुलाचा स्वतःचा हक्क आईबाप असे सही करून विकू शकत नाहीत. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली, मुलांच्या सॉकर क्लबच्या बाबतीत, अशी सही ग्राह्य धरली. कागद तोच, राज्य बदलले की किंमत बदलली. आणि आपला संघ तर राज्याच्या सीमा ओलांडतच असतो!

तिसरा, मोटारीचा विमा. आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे. संघाची पॉलिसी मुख्यतः मैदानासाठी लिहिलेली असते. सामना, सराव, फार तर संघ एकत्र, देखरेखीखाली जात असतानाचा प्रवास. एकेका कुटुंबाने आपापल्या मोटारीने केलेला प्रवास पुष्कळदा त्यात येतच नाही, आणि मोटार-अपघाताची जबाबदारी तर सर्वसाधारण जबाबदारीच्या विम्यातून वगळलेलीच असते. मग भरपाई कोणी द्यायची? ज्या बापाने शेजारच्या तिघी मुलींना आपल्या मोटारीत घेतले, त्याच्या मोटारीच्या विम्याने. त्याची मर्यादा किती असेल? टेक्सासमध्ये कायद्याने लागणारा किमान विमा एका माणसाच्या इजेला ३० हजार डॉलर आणि एका अपघातातल्या सगळ्यांना मिळून ६० हजार. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ ला आपली जुनी १५ आणि ३० हजारांची मर्यादा वाढवून इथवर आणली. चार मुली जखमी झाल्या तर साठ हजार चौघींत वाटायचे. अमेरिकेतल्या इस्पितळाचे बिल ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे किती तोकडे आहे ते सांगायला नको. उरलेला दावा त्या बापाच्या घरादारावर येऊ शकतो.

कोणी म्हणेल, स्वयंसेवकांना तर कायद्याचे संरक्षण आहे. आहे खरे. १९९७ च्या संघराज्याच्या कायद्याने ना-नफा संस्थांच्या स्वयंसेवकांना साध्या चुकीच्या जबाबदारीतून मुक्त केले आहे. पण त्याच कायद्यात अपवाद आहे. मोटार चालवताना झालेली इजा त्यात येत नाही. म्हणजे मैदानावर चुकलेल्या प्रशिक्षकाला छत्र आहे. रस्त्यावर चुकलेल्याला नाही.

मग एकच मोठी गाडी करावी, असे सुचते. खर्च वाचतो, मुली एकत्र राहतात. पण पंधरा आसनी व्हॅनविषयी तिथल्या रस्ता-सुरक्षा खात्याने २००१ सालीच इशारा दिला होता. दहाहून अधिक माणसे बसली की एकट्याच गाडीच्या अपघातात ती उलटण्याचे प्रमाण, कमी माणसे असतानाच्या मानाने, जवळजवळ तिप्पट आढळले. शाळकरी मुलांच्या नेआणीसाठी अशी नवी गाडी शाळांना विकायलाही तिथे कायद्याची मनाई आहे. धंदेवाईक चालकाची, परवाना आणि विमा असलेली बस महाग पडते. पण स्वस्त व्हॅन आणि महाग बस यांच्या भाड्यातला फरक हा एका अर्थी विम्याचाच हप्ता आहे.

रात्रीच्या मुक्कामाचीही जोखीम आहे आणि तिच्याविषयी बोलायला पालक संकोचतात. मुलांशी गैरवर्तनाच्या दाव्यांना पुष्कळ पॉलिसींत वेगळी, कमी मर्यादा असते, किंवा ते वगळलेलेच असतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये झालेल्या कायद्याने राष्ट्रीय खेळसंघटनांशी जोडलेल्या प्रौढांवर गैरवर्तनाची वर्दी देण्याचे बंधन घातले. आणि त्यांच्या नियमांप्रमाणे प्रशिक्षकाने आपल्या नात्यात नसलेल्या अल्पवयीन खेळाडूबरोबर एका खोलीत राहायचे नाही. खोल्या वाचवण्यासाठी हा नियम वाकवणे म्हणजे दोनशे डॉलर वाचवून सर्वस्व पणाला लावणे होय.

तेव्हा हंगामाच्या पहिल्या सभेत पालकांनी चार प्रश्न विचारावेत. मोडलेल्या हाडाचे बिल आमचा घरचा विमा भागवून झाल्यावर कोण देईल आणि त्यात वजावट किती? मुली ज्यांच्या मोटारीत बसणार त्यांच्या विम्याची मर्यादा किती? दुसऱ्याच्या किंवा भाड्याच्या मोटारीमुळे संघावर येणाऱ्या दाव्याचा विमा संघाने घेतला आहे काय? आणि गैरवर्तनाचा दावा पॉलिसीत येतो की वगळलेला आहे? उत्तर तोंडी घेऊ नये. पॉलिसीतले पान पाहावे. दाखला म्हणजे पॉलिसी नव्हे. दाखला फक्त पॉलिसी आहे एवढेच सांगतो. तिच्यात काय नाही, ते सांगत नाही.

आपल्याकडे काय? भारतात सॉफ्टबॉलची राष्ट्रीय संघटना १९६१ साली स्थापन झाली आणि महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजांतून हा खेळ मुली चांगल्या हिमतीने खेळतात. आपले संघ बहुतकरून रेल्वेने जात आले. राष्ट्रीय स्पर्धेला जाणाऱ्या खेळाडूंना द्वितीय आणि शयनयान वर्गात ७५ टक्के सवलत असे. मार्च २०२० मध्ये इतर अनेक सवलतींबरोबर तीही थांबवण्यात आली आणि त्या खर्चाचा भार संघांवर व पालकांवर आला. रेल्वेचे ई-तिकीट काढताना मात्र काही पैशांत दहा लाख रुपयांपर्यंतचा अपघात विमा घेता येतो. त्यासाठी संमतीची खूण करावी लागते आणि पुढे वारसाचे नाव भरावे लागते. एवढे काम संघाच्या व्यवस्थापकाने न विसरता करावे.

जिल्ह्याच्या स्पर्धेला मात्र गाडी ठरवली जाते आणि तिथे आपलाही विमा पातळ होतो. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने नेली की पॉलिसीची अटच मोडते आणि कंपनीला दावा नाकारायला जागा मिळते. पिवळ्या पाटीची, परवान्याची गाडी दोन पैसे जास्त घेते, ते याचसाठी. कोणी आपल्या मोटारीतून मुलींना फुकट नेत असेल, तर त्याची पॉलिसी नुसती सक्तीची तृतीय पक्षाची आहे की सर्वसमावेशक, हे पाहावे. कायद्याने सक्तीच्या विम्यात दुचाकीवर मागे बसलेला फुकट प्रवासी येत नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एका निकालात सांगितले आहे आणि खाजगी मोटारीतल्या फुकट प्रवाशाच्या बाबतीतही हाच वाद उभा राहतो.

आपल्या नमुन्याच्या हिशेबात ५९० पैकी ५४० डॉलर मैदानाबाहेर गेले होते. पैसा रस्त्यावर जातो आणि विमा मैदानावर उभा असतो, असा हा प्रकार आहे. एका मुलीमागे विम्याचा वर्षाचा वाटा पुष्कळदा हॉटेलच्या एका रात्रीच्या भाड्याइतकाही नसतो. म्हणून बचत करायचीच असेल तर एखादी लांबची स्पर्धा कमी करावी आणि त्या पैशातून उरलेल्या प्रवासाला पुरेसे संरक्षण घ्यावे. मुलगी दोन सामने कमी खेळेल, पण जितके खेळायला जाईल तितक्या वेळा निर्धास्तपणे जाईल.